अंगणातले सप्तर्षी

वऱ्हाडात चैत्र लागला की घर रात्रीपुरतं अंगणात यायचं. दिवसभर तापलेल्या भिंती उशिरापर्यंत धग सोडत राहायच्या, म्हणून तिन्हीसांजेला पाणी शिंपडून बाजा टाकल्या जायच्या. आजी, आत्या, काकू आणि आम्ही पोरंसोरं, सगळे ओळीनं. 1970च्या आसपास लहान असलेल्या आमच्यासारख्या कितीतरी मुलांना तारे भेटले ते असे, उताणं पडल्यापडल्या. पुस्तकातलं आकाश फार नंतर आलं.

आजी उत्तरेपासून सुरुवात करायची. ‘आधी चौकोन पाहा, मग शेपटी.’ मग नावं: क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस, वसिष्ठ, मरीची. पुलहापासून क्रतूपर्यंत रेघ ओढायची, तेवढंच अंतर पाच वेळा पुढं जायचं, की ध्रुव. आमच्याकडं तो जेमतेम एकवीस अंशांवर, शेजारच्या कडुलिंबाच्या शेंड्याशी असायचा. सुरुचीनं बापाच्या मांडीवर बसू न दिलेल्या त्या पोराची गोष्ट ऐकताना आमच्यातलं कुणीतरी हमखास रडायचं.

घरच्या सालदाराची गोष्ट मात्र वेगळी होती. त्याच्या आकाशात ऋषी नव्हतेच. चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन ती पळवायला आलेले चोर. विदर्भातले गोंड लोक हीच गोष्ट सांगतात, हे मोठेपणी वाचलं. आजीनं ती कधी खोडून काढली नाही. उलट ‘त्याला विचार चोरांचं’ म्हणून आम्हाला त्याच्याकडं धाडायची. दोन्ही गोष्टी एकाच अंगणात सुखानं नांदल्या, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण आजीचा खरा जीव अरुंधतीत. वसिष्ठाला चिकटून असलेला तो बारीक तारा दिसल्याखेरीज कुणाला झोपायची परवानगी नसे. अरुंधतीची गोष्ट महाभारताच्या वनपर्वातली. अग्नीवर मन जडलेल्या स्वाहेनं सहा ऋषिपत्न्यांची रूपं घेतली, पण अरुंधतीचं रूप काही तिला घेता आलं नाही. सहाजणींवर नाहक संशय आला, नवऱ्यांनी त्यांना टाकलं आणि त्या कृत्तिका झाल्या. ‘त्यांचा काय दोष?’ आत्या दरवर्षी विचारायची. आजी म्हणायची, ‘काहीच नाही. म्हणून तर कार्तिकेय त्यांना आई म्हणतो.’ कृत्तिका दाखवायला ती कार्तिक महिन्याचा वायदा करायची आणि तो पाळायची.

या ताटातुटीची आठवण शतपथ ब्राह्मणातही आहे. तिथं सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष, म्हणजे अस्वलं, म्हणत असं सांगितलंय. बायका पूर्वेला उगवतात, नवरे उत्तरेला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, या तिथल्याच वाक्यावरून शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त त्या निरीक्षणाचा काळ सुमारे पाच हजार वर्षांमागं नेला. ग्रीकांनाही इथं अस्वलच दिसलं. त्यांची ती कॅलिस्टो समुद्रात कधीच उतरत नाही, कारण तिकडून हे तारे मावळताना दिसत नाहीत. आपल्याकडं मात्र मावळतात. पहाटे जाग आली आणि उत्तर रिकामी दिसली की आजी सांगायची, ‘ऋषी स्नानाला गेले.’

भाद्रपदात ऋषिपंचमीला पाटावर सात सुपाऱ्या मांडल्या जायच्या आणि शेजारी आठवी अरुंधतीची. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून परसातल्या अळूची, भेंडीची, भोपळ्याची भाजी व्हायची. तेव्हा सप्तर्षी संध्याकाळीच वायव्येला कलंडलेले असायचे आणि ढगांमुळं बहुधा दिसतही नसत. पण पूजा करणाऱ्या बाईला ते कुठं आहेत हे पक्कं ठाऊक असे.

लग्नातही तसंच. सप्तपदीनंतर वधूला ध्रुव आणि अरुंधती दाखवायची रीत, पण मुहूर्त दुपारचा असला की भटजी भर उन्हात उत्तरेकडं बोट करून मोकळे होत. आजीला ते पुरेसं वाटत नसे. नवी सून घरी आली की ती तिला रात्री अंगणात न्यायची आणि खरी अरुंधती दाखवायची. त्या पिढीतल्या बहुतेक जणी शाळा चार इयत्तांपलीकडं शिकल्या नव्हत्या. तरी आकाश आमच्यापर्यंत आलं ते त्यांच्या हातून.

वसिष्ठाचा प्रकाश इथं पोचायला सुमारे 80 वर्षं लागतात, आणि साध्या दुर्बिणीतूनही तो एक नसून दोन तारे दिसतो, हे आजीला सांगायचं राहून गेलं. पुलहापासून वसिष्ठापर्यंतचे पाच आणि अरुंधती एकाच दिशेनं चालले आहेत, टोकाचे क्रतू आणि मरीची निराळ्या वाटेनं, म्हणून हजारो वर्षांनी हा चौकोन आणि शेपटी मोडणार. तिला हे आवडलं असतं. अरुंधती पुढंही वसिष्ठाबरोबरच आहे ना, एवढंच तिनं आधी विचारून घेतलं असतं.

आता अंगणं गेली आणि शहराच्या उजेडात बिचारा अत्रीही धड दिसत नाही. तरीही वैशाखात रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला चांगले उंच असतात. गावी गेलात तर घरातल्या मुलांना बाहेर न्या, दिवे मालवा आणि अरुंधती सापडेपर्यंत त्यांना आत येऊ देऊ नका.