आठ मिनिटे आधी

पराभवापराभवांतही फरक असतो. एका गुणाने झालेला पराभव हा खानदानी. तो माणसाला जन्मभर पुरतो. 'त्या वेळी पंचाने डोळे उघडे ठेवले असते तर...' अशी सुरुवात करून तो नातवंडांपर्यंत रंगवून सांगता येतो. पण पन्नास गुणांनी झालेला पराभव? त्याला कोणी वाली नसतो. पंचाला नावे ठेवण्याची सोय नाही, पावसावर ढकलण्याची सोय नाही. तो मुकाट्याने घरी आणायचा आणि माळ्यावर टाकून द्यायचा.

अशाच एका बेवारशी पराभवाने मला कित्येक दिवस वेड लावले आहे. तो आपल्याकडचा नव्हे. १ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावी तो झाला. मिशिगन विद्यापीठ ४९, स्टॅनफर्ड विद्यापीठ ०.

खेळ फुटबॉलचा, पण त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू नारळासारखा लांबोळा. तो काखोटीला मारून समोरच्या रेषेपलीकडे न्यायचा, आणि प्रतिपक्षाच्या अकराजणांनी नेणाऱ्याला भुईसपाट करायचे. पायांचे काम थोडे, खांद्यांचे फार. आपल्या हुतुतूशीच त्याचे नाते अधिक जवळचे, असे मला वाटते. विद्वानांना वाटू नये.

पॅसाडेनात १८९० पासून नववर्षदिनी गुलाबांचा उत्सव होतो. त्यामागचा हेतू अगदी सरळ होता. पूर्वेकडचे लोक बर्फात कुडकुडत असताना आमच्या अंगणात गुलाब फुलतात, हे जगाला दाखवावे! फुलांनी मढवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघे. १९०२ साली उत्सवाला आणखी रंग चढावा म्हणून पूर्वेकडचा एक संघ पाहुणा म्हणून बोलावण्यात आला. बर्फाच्या मुलखातून मिशिगनची मुले आगगाडीने आली. त्यांच्यातल्या नील स्नो नावाच्या गड्याने एकट्याने पाच वेळा चेंडू रेषेपार नेला. स्नो म्हणजे बर्फ. बर्फाला हिणवायला निघालेल्या गावाची याहून सुरेख फजिती कोणा कादंबरीकाराला सुचली नसती. आणि सुचती तर वाचकांनी त्याला क्षमा केली नसती.

पण खरी कादंबरी पुढेच आहे. मिशिगनचे शिक्षक होते फील्डिंग योस्ट. हेच योस्ट १९०० साली स्टॅनफर्डच्या संघाला शिकवीत होते! आपल्याच माजी विद्यार्थ्यांतून शिक्षक नेमायचा, असा नियम स्टॅनफर्डने केला आणि त्यांना जावे लागले. वर्षभरात ते समोरच्या बाजूला उभे. कुरुक्षेत्रावर द्रोणाचार्यांना समोर पाहून अर्जुनाच्या पोटात जे कालवले असेल, त्याची कल्पना त्या मुलांना आली असेल. इथे मात्र अर्जुन हरला. हरायचाच होता. योस्टांच्या संघाने हा सामना धरून त्या हंगामात ११ सामने खेळले, ५५० गुण केले आणि एकही दिला नाही.

मध्यंतराला गुणसंख्या १७ होती. म्हणजे अब्रू अजून शाबूत होती. पुढे बांध फुटला. मिशिगनचे तेच अकरा गडी पहिल्यापासून अखेरपर्यंत राहिले, एकही बदलावा लागला नाही. स्टॅनफर्डची मुले मात्र एकामागून एक जायबंदी होऊ लागली. आठ मिनिटे उरली असताना स्टॅनफर्डचा कर्णधार राल्फ फिशर मिशिगनच्या ह्यू व्हाइटकडे गेला आणि खेळ थांबवण्याची विनंती केली. व्हाइटने ती मान्य केली.

याला शरणागती म्हणणारे म्हणोत. मी शाळामास्तर आहे; तालुक्याच्या कबड्डीच्या सामन्यांत उन्हातान्हात उभा राहिलेलो आहे. तिसरे लोण बसल्यावर हरणाऱ्या कर्णधाराकडे कधी निरखून पाहा. त्याची नजर गुणफलकावर नसते. तो आपली पोरे मोजत असतो. कोणी कोपर धरून उभा आहे, कोणी घाम पुसण्याच्या निमित्ताने डोळे पुसतो आहे. ती मोजणी संपल्यावर फिशर जे अंतर चालून गेला, ते चालायला छाती लागते. आणि व्हाइट? आणखी दहापंधरा गुण त्याच्या ओंजळीत आयते पडत होते. त्याने ओंजळ मिटली. मला तोही तितकाच आवडतो.

उत्सवाचे चालक मात्र हबकले. आपल्या पोराला आपल्याच अंगणात लोळवणाऱ्या पाहुण्याला पुन्हा आमंत्रण कोण धाडील? पुढच्या वर्षी पोलो आला, मग रोमन थाटाच्या रथांच्या शर्यती. फुटबॉल परतला तो थेट १९१६ साली. १९२२ मध्ये तिथे वाडग्याच्या आकाराचे प्रचंड क्रीडांगण उभे राहिले, 'रोझ बाऊल'. पुढे तसल्या सगळ्याच उत्सवी सामन्यांना बाऊल म्हणू लागले.

१ जानेवारी १९४८ रोजी मिशिगन पुन्हा तिथे गेले, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी खेळले आणि जिंकले. गुण ४९ विरुद्ध ०! नियती कधी कधी जुनीच वही पुन्हा उतरवून काढते.

त्याच १९४८ च्या डिसेंबरात आपल्या पुण्यात रणजी करंडकाचा सामना चालला होता, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा, भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर. आणि काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, संघ घेऊन चालते झाले! विक्रमांच्या वहीत आपले नाव मार खाणारे म्हणून लागू नये, हे कारण सांगतात.

तेही आधीच थांबवणे आणि हेही. मग फिशर मला मोठा का वाटावा, आणि ठाकूरसाहेब कोते का? फिशरने विचारले, यांनी कळवले. त्याच्यापुढे पोरांची हाडे होती, यांच्यापुढे वहीचे पान. शिवाय मिशिगनचे त्यात काही बुडाले नाही, निंबाळकरांचे मात्र बुडाले. मराठी माणूस म्हणून माझा न्याय एकांगी होत असेल. होवो.

अलीकडे असले थांबणे उरले नाही. ३० डिसेंबर २०२३ रोजी ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जियाने फ्लॉरिडा स्टेटला ६३ विरुद्ध ३ असे हरवले. तोवर कोणत्याच बाऊल सामन्यात एवढे अंतर पडले नव्हते. फ्लॉरिडावाल्यांनी त्याआधी १३ पैकी १३ सामने जिंकले होते, तरी विजेतेपदाच्या चौघांत त्यांना घेतले नव्हते. अनेक नामांकित खेळाडू मग या सामन्याला उतरलेच नाहीत. त्यांच्या जागी जी मुले उभी राहिली त्यांना घड्याळातले शेवटचे मिनिट संपेपर्यंत खेळावे लागले. ६३ गुण करणाऱ्यांचे कौतुक व्हायचे तेवढे झाले. मी मात्र त्या ३ गुणांपाशी बराच वेळ रेंगाळलो.