घरोट आणि घर

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे नाव निघाले की मराठी वाचकाला प्रथम आठवते ती निरक्षर कवयित्री, आणि अक्षरओळख नसलेल्या बाईने अशी कविता रचली या नवलाखाली त्या बाईचा उरलेला दिवस झाकला जातो. वास्तविक त्या दिवसातला फार थोडा भाग ओवीच्या वाट्याला येत असे आणि बाकीचा सगळा घर, शेत, गुरे व मुले यांच्यात खर्ची पडत असे.

जळगावजवळच्या आसोदे गावातल्या महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला, तेराव्या वर्षी त्या जळगावच्या नथुजी चौधरी यांच्या घरी सून म्हणून आल्या आणि तिशीच्या सुमारास, ओंकार, सोपानदेव व काशी ही तीन मुले पदरात असताना, त्यांना वैधव्य आले. ओंकारला तर प्लेगने कायमचे अपंगत्व दिले होते. एकत्र कुटुंबातल्या विधवेला तेव्हाचा हिंदू कायदा अन्नवस्त्राखेरीज फारसे काही देत नव्हता; १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित वाटा मिळाला खरा, पण ज्यांचे पती त्याआधीच वारले होते त्यांना तो लागू नव्हता, आणि स्त्रीला पूर्ण मालकी देणारा उत्तराधिकार कायदा आला तो १९५६ मध्ये, म्हणजे बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर. अशा बाईच्या राबण्याला ‘त्याग’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण घरधनी गेल्यावरही नांगरट, पेरणी आणि पोरांची तोंडे थांबत नाहीत, आणि ज्या जमिनीवर आपले नाव कधी चढणार नाही तिचीच निगा राखत संसार उभा ठेवावा लागतो, हे त्या गुळगुळीत शब्दात मावत नाही.

या संसाराचे केंद्र होते घरोट, म्हणजे खानदेशी बोलीतले जाते. खालची तळी जमिनीवर पक्की, मधल्या खुंट्यावर फिरणारी वरची तळी, एका हाताने तिचा दांडा ओढायचा आणि दुसऱ्या हाताने तोंडाशी दाणे वैरायचे, म्हणजे थोडे थोडे सोडत राहायचे. मूठ सैल सुटली तर पीठ जाडेभरडे पडते आणि आखडली तर दगडावर दगड घासून कच पिठात उतरते. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत उडीद मिसळून दळायचे असल्यास हात आणखी जपून चालवावा लागतो. झुंजुमुंजू होण्याआधीचा हा तास घरातल्या बाईचा एकटीचा असे. दिवसभरात तिला कोणी हाक न मारणारा बहुधा एवढाच. ओवीचा चरण जात्याच्या फेऱ्याशी जुळतो, आणि दम लागला की तो आपसूक संपतो, त्यामुळे बहिणाबाईंच्या रचनेतला आटोपशीरपणा नुसता प्रतिभेचा नसून श्वासाचाही आहे, असे मानायला जागा आहे. काम हा त्यांच्या कवितेतला अडथळा नव्हता. पेरणी, उफणणी, चूल, सुगरणीचा खोपा ही कवितेची सामग्री त्या कामातूनच त्यांच्या हाती येत होती.

जे कोणी टिपून घेतले नाही ते दळणासोबत संपले. सोपानदेव स्वतः कवी निघाले, त्यांनी व एका नातलगाने आईच्या तोंडून ऐकलेले कागदावर उतरवले, ते आचार्य अत्रे यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये संग्रह निघाला; बहिणाबाईंनी तो पाहिला नाही. मुलगा कवी असणे हा केवळ योगायोग, आणि तो बहुतेक घरांत घडत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुढे गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, तेव्हा गाणारीचे नाव आणि गाव नोंदवण्याचा जो शिरस्ता पाळला त्याचे मोल म्हणूनच मोठे आहे, कारण त्यापूर्वी अशा ओव्या छापल्या जात तेव्हा गाणारी बहुधा निनावीच राहत असे.

घरोट हाताने ओढलेल्या पिढीतल्या बायका आज थोड्याच उरल्या आहेत. ज्यांच्या घरी अशी आजी आहे त्यांनी तिच्या ओव्या, वाणांची नावे आणि पाऊसपाण्याचे ठोकताळे तिच्याच बोलीत, तिच्या नावागावासह, या पावसाळ्याच्या आत लिहून घ्यावेत.