हब उघडला आणि छर्रे दिसले!

सायकलच्या चाकाचा हब घरी उघडता येतो! आपल्या गॅलरीत, जुन्या पेपरवर! दोन पाने, वाटीभर रॉकेल, एक फडकं आणि थोडं ग्रीस, बास. इतकी वर्षं ओव्हरहॉलिंग म्हटलं की सायकल दुकानात सोडायची आणि संध्याकाळी आणायची, एवढंच मला ठाऊक होतं.

लॉकनट सोडवला, त्याखालचा शंकूसारखा कोन हातानंच फिरवत काढला आणि आत छर्रे! काळ्याकुट्ट, चिकट झालेल्या ग्रीसमध्ये रुतून गोलाकार बसलेले, एका बाजूला दहा. रॉकेलमध्ये बोटानं ढवळले, फडक्यावर पुसले आणि काय ती झळाळी! दीड सुताचा एकेक छर्रा. सायकलवर बसलेल्या अख्ख्या माणसाचा भार असल्या इवल्या गोळ्यांवर, त्यातही एका वेळी खालच्या मोजक्याच छऱ्यांवर!

मग वाचतच सुटलो. ज्यूल सुरिरे या पॅरिसच्या कारागिरानं 1869 साली सायकलसाठी छऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. पण छर्रे लहानमोठे असले की भार मोठ्यांवरच येतो, आणि ते लवकर झिजतात. ते घासून एकसारखे गोल करणारं यंत्र 1883 साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमध्ये फ्रीडरिश फिशर यांनी बनवलं. म्हणूनच छर्रे बदलायचे तर सगळे एकदम. जुन्यात दोन नवे मिसळायचे नाहीत. कोनवर खड्डे पडले असतील तर कोनही नवा.

हबमधल्या छऱ्यांच्या वाटीत ग्रीस भरायचं आणि त्यात छर्रे एकेक करून रोवायचे. ग्रीस त्यांना असं धरून ठेवतं की चाक उलटं केलं तरी एकही पडत नाही!

खरी कमाल मात्र कोन कसण्यात आहे. जास्त कसला तर आस फिरवताना बोटांना खरखर जाणवते. सैल राहिला तर रिम धरून हलवली की चाक डुगडुगतं. शिवाय लॉकनट आवळताना कोन आणखी थोडा दाबला जातो, म्हणून आधी केसभर सैल ठेवायचा आणि पातळ पान्यानं धरूनच नट आवळायचा. हे जमलं आणि चाकाला नुसतं बोट लावलं. फिरतंय, फिरतंय, आवाज नाही! थांबता थांबता उलटं वळलं, झोक्यासारखं मागेपुढे झालं आणि जड बाजू खाली घेऊन स्थिरावलं. मी ते पुन्हा पुन्हा फिरवत बसलो.

काही नव्या सायकलींत बंद बेअरिंग असतं, ते असं उघडायचं नसतं. पण साधी सायकल असेल तर पावसाळा संपल्यावर एकदा हब उघडाच. सुरुवात पुढच्या चाकापासून करा, मागे फ्रीव्हील आडवं येतं. खाली मोठं ताट ठेवा आणि दोन्ही बाजूंचे छर्रे मोजून वेगवेगळे ठेवा.