वैशाखांतील दोन पानें

पंक्तिभोजनाचीं वर्णनें आपल्या वाङ्मयांत विपुल आहेत. परंतु ज्या घरांत रोज दोनच पानें मांडलीं जातात, तेथील स्वयंपाकाविषयीं फारसें लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे घरीं अजून दहाबारा पानें होत असतील. आमच्या वाईच्या घरींही १९८५ सालीं, आमचा विवाह झाला तेव्हां, चौदा पानें होत. आतां मुलें पुण्यास व बंगळुरास, वडील मंडळी निवर्तली, आणि त्या वेळच्या पातेल्यांतील सर्वांत लहान जें पातेलें, तेंही आम्हां उभयतांस मोठें होतें.

दोघांचा स्वयंपाक सोपा असा लोकांचा समज आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. चौदा माणसांच्या आमटींत चिमूटभर मीठ कमीजास्त झालें तर कोणास कळत नाहीं. दोन वाट्यांच्या आमटींत तें लपत नाहीं. मिठाची गोष्ट सहज काढली असें मात्र वाचकांनीं समजूं नये. २०२५ सालच्या चैत्रांत आमच्या सौभाग्यवतीस देवघरापुढें एकाएकीं भोवळ आली. डॉक्टरांनीं रक्तदाब वाढल्याचें सांगून औषध दिलें आणि मीठ कमी करण्याची सक्त ताकीद दिली. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे कीं, प्रौढ मनुष्यानें दिवसास ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावें. त्यांत लोणचें, पापड, सांडगे, पावांतलें मीठ, सर्व आलें. सैंधव वापरलें म्हणजे भागलें असें आमच्या शेजारीं पुष्कळांनीं सुचविलें. परंतु सैंधव तरी मुख्यत्वें सोडियम क्लोराइडच! त्या वाटेनें सुटका नाहीं.

चाळीस वर्षें जिनें केवळ बोटांच्या अंदाजानें मीठ घातलें, तिच्या हातांत मोजण्याचा चमचा द्यावयाचा, ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नव्हे. “अहो, हा स्वयंपाक आहे कीं काढा?” असें तिनें एकदां विचारलें, आणि पुढें बोलणेंच सोडलें. ती पानावरून अर्धपोटीं उठूं लागली. रक्तदाबाच्या आंकड्यापेक्षां त्या उष्ट्या पानाची आम्हांस अधिक धास्ती वाटली.

अशा वेळीं उन्हाळाच मदतीस आला. अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायांत वाग्भटाचार्य सांगतात कीं, ग्रीष्मांत खारट, तिखट व आंबट टाकावें आणि मधुर, हलकें, स्निग्ध, थंड व पातळ असें अन्न सेवावें. खारटाच्या बाबतींत वैद्य व डॉक्टर असे एका पंक्तीस बसलेले पाहून आम्हांस मोठा धीर आला. आंबटाचा निषेध मात्र आम्हीं बाजूस ठेविला. सौभाग्यवतीचें माहेर राजापूरचें; कोंकणच्या मुलीस कैरी व आमसूल वर्ज्य कर असें सांगण्यास वाग्भटही धजले नसते. शिवाय मिठाची उणीव जर कशानें झांकली जात असेल तर ती आंबटानेंच, असा आमचा त्या उन्हाळ्यांतला अनुभव आहे.

मग संध्याकाळचीं जेवणें परसांत होऊं लागलीं. दिवस मावळला कीं अंगणांत पाणी शिंपावें, मोगऱ्याजवळ दोन पाट टाकावे, आणि दिवा फार मोठा नसावा. आमसुलाचें जिरेंयुक्त सार, मऊ दहीभात, काकडीची कोशिंबीर, आठवड्यांतून दोनदां आंबेडाळ. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून भरड वाटावयाची, तींत कैरीचा कीस, ओलें खोबरें, किंचित् साखर, आणि वर मोहरी, हिंग, सुक्या मिरचीची फोडणी. मीठ आधीं न कालवितां वाढण्याच्या वेळीं वरून भुरभुरविलें तर थोडकेंच पुरतें, ही युक्ति सौभाग्यवतीची. कोशिंबिरीसही तीच लागू. शिवाय पाणी सुटत नाहीं. प्रत्येक प्रमाण आम्ही एका वहींत टिपून ठेवूं लागलों. वाग्भटांनीं सांगितलेलें, चंद्रनक्षत्रांखालीं निवविलेलें साखरेचें म्हशीचें दूधही एका रात्रीं करून पाहिलें. तें उत्तम लागतें. मात्र शेजारचें मांजरही आयुर्वेद जाणतें, तेव्हां वर जाळी घालावी.

वैशाखांत आमच्या विवाहास ४० वर्षें पुरीं होत होतीं. मुलांनीं ठरविलें कीं जेवण बाहेरून मागवावें. “आई, तूं दगदग करूं नकोस,” असें मुलीनें दोनदां दूरध्वनीवरून बजाविलें. आमचेंही मत तेंच होतें. वैशाखाचें ऊन, चुलीची धग, आणि चैत्रांतली ती भोवळ डोळ्यांपुढून हालत नव्हती. सौभाग्यवतीनें सर्व ऐकून घेतलें व म्हणाली, “माझ्या लग्नाचें जेवण दुसऱ्यांनीं रांधलें. चाळीस वर्षांनीं तरी मला तें रांधूं द्या.” यावर कोणास उत्तर सुचलें नाहीं. अखेर तह असा झाला कीं, सकाळीं नऊनंतर तिनें शेगडीजवळ उभें राहूं नये. बसून सांगावें, आणि हात आमचे असावेत.

चार लिटर म्हशीच्या दुधाचें दहीं रात्रभर पंचांत टांगलें. सकाळीं सुमारें दीड किलो चक्का निघाला. त्यांत पाऊणपट साखर घालून पुरणयंत्रांतून काढण्याचें काम आमच्याकडे आलें. श्रीखंडाची पूर्वज जी रसाला, ती प्रथम भीमसेनानें रचिली असें आमचे जुने पाकग्रंथ सांगतात. दीड किलो चक्का यंत्रांतून काढून होईतों आमचा खांदा भरून आला, तेव्हां हें काम धर्मराजाकडे कां गेलें नाहीं याचा उलगडा झाला.

अकरा पानें मांडलीं. आपल्या रीतीप्रमाणें प्रथम मीठ, मग लिंबू. सर्व पदार्थांत मीठ चमच्यानेंच मोजून, रोजच्यासारखें कमी घातलेलें. ज्यास हवें त्यानें पानांतलें घ्यावें. स्वतःच्या पानांत तिनें मीठ वाढलें नाहीं. पंक्तींत आमच्या थोरल्या भगिनी होत्या. १९८५ सालीं नव्या सुनेची पहिली आमटी त्यांनींच पारखिली होती, आणि त्यांच्या जिभेचा धाक आजही ओसरलेला नाहीं. त्यांनीं आंबेडाळीचा पहिला घास घेतला आणि बोट मिठाकडे नेलें.

“वन्सं, मीठ कमी झालें का?” सौभाग्यवतीनें विचारलें.

भगिनींनीं बोट मागें घेतलें. “असूं दे. कैरी चांगली आंबट आहे. वाढ आणखी.”

त्या दिवशीं सौभाग्यवती पोटभर जेवली. श्रीखंड दोनदां घेतलें. ताकभातही सोडला नाहीं. दुपारीं सुनेनें आंबेडाळीचें प्रमाण विचारलें. पूर्वीं असें कोणीं विचारलें कीं “अंदाजानें” एवढेंच उत्तर मिळे. या खेपेस तिनें आमची वही आणविली, सुनेस वाचून दाखविली, आणि मिठाच्या रकान्यांत आमच्या अक्षराखालीं आपल्या हातानें लिहिलें: ‘कैरी आंबट नसल्यास लिंबू पिळावें.’