राहू दे ती धूळ

पुणे
घटस्थापनेच्या आदल्या दिवशी

चि. मधुरा,


तुझं पत्र काल आलं, दोनदा वाचलं. डिटेलिंगहून गाडी परत आली, काळा रंग विहिरीतल्या पाण्यासारखा नितळ दिसतोय, पार्किंगमधली ट्यूबलाइट बॉनेटवर सरळ रेघेसारखी उमटते, हे वाचून फार बरं वाटलं. पण त्याच्या खालच्याच ओळीत लिहिलंस, की ही चमक टिकावी म्हणून सोसायटीतल्या गाडी पुसणाऱ्याचे पैसे वाढवलेस आणि परवापासून रोज पहाटे न चुकता पुसायला सांगितलंस. मधुरा, अगं, हे काय केलंस? विचारलंस मात्र, की शॅम्पू कोणता घेऊ. त्याचं उत्तर एका ओळीचं आहे, ते पुढे येईल. जे तू विचारलंच नाहीस, तिथे माझा जीव अडकलाय.

आपल्याकडे स्वच्छ करणं म्हणजे घासणं. पितळेचा तांब्या चिंच लावून घासला की उजळतो, आणि जितकं घासावं तितकं लख्ख हे आपल्या हातांना लहानपणापासून ठाऊक असतं. तांब्याच्या बाबतीत ते खरंही आहे, कारण तो आतून-बाहेरून पितळच असतो; वरचं थोडं झिजलं तरी खाली तेच निघतं. गाडीच्या रंगाला मात्र तळ आहे. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर तुझा काळा रंग आणि सगळ्यात वर बिनरंगी लॅकर, म्हणजे क्लिअर कोट. तू जिला काळ्या रंगाची चमक म्हणतेस, ती खरं तर या बिनरंगी थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज कर. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. डिटेलिंगवाल्याने तुझे जुने ओरखडे काढले म्हणजे काय केलं? ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं लॅकर मशीनने उतरवून सपाट केलं. कंपाऊंड मारताना त्यातले दोन-चार मायक्रॉन सहज जातात. म्हणजे ही चमक त्या थरातून खर्च करून मिळालेली आहे, आणि गेलेला थर परत येत नाही. ‘पुन्हा ओरखडे आले तर वर्षाने परत पॉलिश करू’ असं तू सहज लिहून गेलीस, तेव्हा हा हिशेब तुझ्या डोळ्यांपुढे नव्हता. चार-पाच वेळा जोरात पॉलिश झालेल्या गाड्यांचं लॅकर टपावर आणि बॉनेटवर पांढुरकं पडतं, मग पापुद्र्यासारखं सुटतं. तिथून पुढे पॉलिश काही करू शकत नाही. पुन्हा रंगच मारावा लागतो, आणि कारखान्यात भट्टीतून निघालेल्या मूळ रंगाची सर त्याला येत नाही.

आता पहाटेच्या त्या फडक्याकडे ये. वाकडला तुझ्या इमारतीच्या दोन्ही बाजूंना बांधकामं चालू आहेत, म्हणजे गाडीवर बसते ती धूळ सिमेंटची आणि खाणीतल्या खडीच्या भुग्याची. आपला दगड बेसॉल्ट, काळा पाषाण. त्यातलं फेल्डस्पार कठीणपणाच्या मोजपट्टीवर सहाच्या आसपास बसतं. फ्रिड्रिश मोह्स या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली ही मोजपट्टी मांडली, त्यात शंखजिरं सर्वांत मऊ म्हणून एक आणि हिरा दहा. नदीची वाळू मिसळलेली असेल तर तिच्यातलं क्वार्ट्झ सातचं. साधं चाकूचं पातंही साडेपाचच्या पुढे फारसं जात नाही, तिथे लॅकर म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लॅस्टिक. पण नीट बघ, ही धूळ बॉनेटवर नुसती कोरडी बसून असते तेव्हा काहीही करत नाही. आठ दिवस बसली तरी ओरखडा उठत नाही. तिच्यावर फडकं ठेवून हाताचा दाब दिला आणि फडकं फिरवलं, की त्याच क्षणी ती पॉलिश पेपर होते. रंग धुळीने जात नाही, तो आपल्या हाताने जातो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते कुणाला पटत नाही याची मला खंत आहे; कारण पुसलेली गाडी लगेच छान दिसते आणि झालेलं नुकसान दिसायला दोन महिने लागतात.

ते कसं दिसतं हे पाहायचं असेल तर रात्री पार्किंगमधल्या एखाद्या जुन्या काळ्या गाडीवर मोबाइलचा टॉर्च धर. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळिष्टकासारखी गोल जाळी दिसेल. टॉर्च सरकव, जाळीही त्याच्याबरोबर सरकेल. लोक म्हणतात, गोल गोल पुसल्यामुळे गोल चरे पडले. तसं नसतं. चरे सगळ्या दिशांना असतात, हजारोंनी; त्यांतले प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात आणि डोळ्याला वर्तुळ भासतं. त्यामुळे ‘मी त्याला सरळ रेषेत पुसायला सांगीन’ हा उपाय नाही. धूळ तीच, फडकं तेच आणि दाबही तोच असेल, तर चरे फक्त दिशा बदलून पडतील.

तू म्हणशील, वर सिरॅमिक कोटिंग केलंय, त्यावर नाइन एच लिहिलंय, मग भीती कसली? हा नाइन एच पेन्सिलीचा आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली थरावर टेकवून ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने चरा उठतो ते बघतात. नाइन एच ही त्यातली सर्वांत कठीण. पण पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. मोह्सच्या नऊशी त्या नऊचा काही संबंध नाही, आणि दगडाचा भुगा ते लेबल वाचत नाही. कोटिंगचा उपयोग आहे, मी नाकारत नाही. पाणी घसरून जातं, घाण चिकटत नाही, त्यामुळे धुताना हात कमी लावावा लागतो. त्याचं खरं काम एवढंच. पण कोटिंग आहे म्हणून रोज पुसायचं म्हणजे, छत्री घेतलीय म्हणून मुद्दाम पावसात उभं राहण्यासारखं झालं.

मग करायचं काय? दोन धुण्यांच्या मध्ये गाडी धुळकट राहू दे. शेजारी बोलतील, ऑफिसात कुणी काचेवर बोटाने नाव लिहील (ते मात्र लिहू देऊ नकोस, रंगावर तर मुळीच नाही), पण राहू दे. काचा पूस, आरसे पूस, रंगाला हात लावू नकोस. आठ-दहा दिवसांनी नीट धू. सोसायटीत पाण्याची टंचाई आहे, पाइप लावू देत नाहीत, हे तुझं म्हणणं योग्यच आहे आणि पाइप लावूही नये. शेतीच्या दुकानात फवारणीचा हातपंप मिळतो, पाच-सात लिटरचा. त्याने आधी गाडी नुसती भिजव आणि धूळ वाहून जाऊ दे. हात लावण्याआधी जेवढी जाईल तेवढी कमाई. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. टपापासून खाली येत जा, कारण सगळ्यात जास्त खडे दरवाजांच्या खालच्या भागाला असतात आणि तिथलं फडकं वर गेलं की सगळं मुसळ केरात. प्रत्येक भाग झाला की मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) आधी साध्या पाण्यात खंगाळायचं, मगच शॅम्पूत बुडवायचं. शॅम्पू कोणताही चालेल, फक्त गाडीचा आणि पीएच न्यूट्रल असलेला. भांड्यांचा साबण नको. तुमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, उन्हात सुकलं तर पांढरे डाग धरेल, तेव्हा सावलीत धू आणि जाड मायक्रोफायबर टॉवेल गाडीच्या अंगावर टेकवून पाणी टिपून घे, ओढू नकोस. टॉवेल खाली पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. घरी धुताना त्यात फॅब्रिक सॉफ्टनर घालू नकोस आणि सुती कपड्यांत तो मिसळू नकोस.

थांबायचं नाही असा एकच प्रसंग, पक्ष्याची विष्ठा. उन्हात ती काही तासांत लॅकरमध्ये उतरते आणि सुकली की तिच्यातले कण फडक्याखाली चरे पाडतात. ओला टॉवेल पाच मिनिटं नुसता वर ठेव, मऊ झाली की उचलून घे. कव्हरचं म्हणशील तर, धुळकट गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने दिवसभर हलत राहतं, म्हणजे तो आणखी एक पुसणारा. मोकळी बरी.

आणि दसरा आला. पूजा कर, जरूर कर, पण स्वस्तिक बॉनेटवर न काढता काचेवर काढ. हळद-कुंकू रंगावर बोटाने घासलं जातं आणि नंतर कोरड्या कापडाने पुसलं जातं, दोन्ही वाईट. झेंडूचा हार घालून हायवेला जाऊ नकोस. त्यातली तार वाऱ्याने बॉनेटवर आपटत राहते. पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंगला देशील तेव्हा जॉब कार्डावर ‘गाडी धुऊ नये’ असं स्वतःच्या हाताने लिही आणि समोर वाचून दाखव. फुकट धुऊन देतात म्हणून हो म्हणू नकोस.

त्या पुसणाऱ्या मुलाला मात्र काही बोलू नकोस. एक बादली पाणी, एक फडकं आणि सातच्या आत वीस गाड्या, यात कुणीही दुसरं काय करणार? वाढवलेले पैसेही कमी करू नकोस. त्याला काचा, चाकं आणि आतली मॅटिंग करायला सांग, आणि आठ-दहा दिवसांनी गाडी धुताना बरोबर घे. एकदा नीट दाखवलं तर तुझ्यापेक्षा चांगलं करेल. फक्त हे त्याच्याशी आजच बोल. परवापासून येतो म्हणालीस, म्हणजे पत्र पोचेपर्यंत एक पहाट होऊनही गेली असेल. तो साडेपाचलाच येतो ना? मग रात्री झोपण्यापूर्वी वॉचमनकडे निरोप ठेव, आणि वायपरखाली एक चिठ्ठीही लाव.

तुझा,
मामा