तीन सेंटांचे तिकीट

ईरी सरोवराच्या दक्षिण तीरावरील क्लीव्हलंड नगरात ५२ मजली टर्मिनल टॉवर दुरूनच नजरेत भरतो. आम्ही मात्र रेंगाळलो ते त्याच्या पायथ्याशी असलेल्या ‘पब्लिक स्क्वेअर’ चौकात. तेथे खुर्चीवर बसलेल्या एका स्थूलदेही गृहस्थाचा पुतळा आहे. हाती तलवार नाही, ग्रंथ आहे. आणि तोही अर्थचिंतक हेन्री जॉर्जचा ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’. हा टॉम जॉन्सन, १९०१ ते १९०९ पर्यंतचा ह्या नगराचा महापौर.

मौज अशी, की हा मूळचा ट्राम कंपन्यांचाच धनी. हेन्री जॉर्जचे लेखन वाचून तो पालटला. उद्यानांतील ‘हिरवळीवर चालू नये’ अशा पाट्या त्याने काढून टाकविल्या. (आमच्याकडील उद्यानरक्षकांस हे रुचणार नाही!) त्याचा खरा ध्यास मात्र ट्रामभाड्याचा होता. खासगी कंपनी पाच सेंट घेई. ते तीन सेंट व्हावे, हा त्याचा आग्रह. दोन सेंट ते काय, असे वाचकांस वाटेल. पण रोज जाऊन-येऊन कारखाना गाठणाऱ्या मजुरास विचारावे!

१९०७ च्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध थिओडोर बर्टन हे रिपब्लिकन पक्षाचे विद्वान काँग्रेस-सदस्य उभे राहिले. पाठीशी साक्षात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट. जॉन्सनच्या सभा सर्कशीसारख्या तंबूत भरत. दिवाणखान्यात पाऊल टाकण्यास बिचकणारा मजूरही कनातीत निःसंकोच येई, आणि उभा राहून उलटसुलट प्रश्न विचारी. जॉन्सनला ते हवेच असे. आम्हांस ह्या निवडणुकीचे मर्म त्या तंबूतच दिसते. मतमोजणीत तो नऊ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाला. महापौरपदाची ही त्याची सलग चौथी निवड.

पुढील वर्षीच ट्राम नव्या व्यवस्थापनाकडे आली, भाडे उतरले. पण लगोलग कामगारांचा संप झाला, गाड्यांचा खोळंबा झाला. १९०८ च्या ऑक्टोबरातील लोकमतात ती व्यवस्था थोडक्या मतांनी फेटाळली गेली. १९०९ साली महापौरपदही गेले. तीन सेंटांचे भाडे १९१० मध्ये पुन्हा आले, तेव्हा जॉन्सन पदावर नव्हता. प्रकृतीही ढासळली होती. एप्रिल १९११ मध्ये तो निवर्तला. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या ग्रीन-वूड दफनभूमीत, हेन्री जॉर्जच्या समाधीनजीक, त्याला चिरविश्रांती लाभली.