माडीवर काय आहे?

राणी व्हिक्टोरिया आमच्या सोनारीला कधी आली नाही. यायचं तिला कारणही नव्हतं. तिचा मुलूख बार्शीपर्यंत. परंडा तालुका लागला की निजामाची हद्द. १८९७ साली, तिच्या हीरकमहोत्सवाच्या वर्षी, बार्शी लाइट रेल्वेचं चिमुकलं इंजीन धापा टाकत बार्शीला पोचलं. पुढं ती लाइन लातूरला गेली, पण सोनारीकडं काही वळली नाही. त्यामुळे राणीच्या काळातली माणसं गावात आणण्याचं काम एम.ए.ला इंग्रजी घेऊन मलाच करावं लागलं.

सोनारी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे : काळभैरवनाथ आणि माकडं. अभ्यासाला यातली पहिली गोष्ट पोषक आहे. दुसरीबद्दल काय सांगावं! 'जेन एअर'मध्ये छताच्या वरून चित्रविचित्र आवाज येतात आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो, असं गाईडमध्ये छापलं आहे. माझ्या अंगावर काटा आला नाही. आमच्या पत्र्यावर उजाडल्यापासून तेच चालू असतं, आणि आई खालून काठी आपटून "हाऽऽड" म्हणते. शार्लट ब्राँटीनं १८४७ साली ही कादंबरी सोनारीत बसून लिहिली असती, तर नायिकेनं दुसऱ्याच रात्री काठी मागितली असती.

परीक्षेसाठी वाचलेलं कुणाला तरी सांगावं, म्हणजे लक्षात राहतं, असं आमचे सर म्हणत. ऐकायला घरात रिकामं असं कुणी नव्हतं. आजीही नव्हती, पण तिचे हात ज्वारी निवडण्यात असत आणि कान मोकळे असत. मग मी रोज संध्याकाळी सुपाएवढा एक हप्ता सांगायला लागलो. डिकन्सची गिऱ्हाइकं अशीच हप्त्याहप्त्यानं जगली. आपल्याकडं हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो' असंच हप्त्यानं दिलं. फरक इतकाच, की त्यांचा वाचक पुढचा अंक येईपर्यंत गप्प बसत असावा. आजी गप्प बसत नाही.

हार्डीच्या 'मेयर ऑफ कॅस्टरब्रिज'ची सुरुवातच जत्रेत होते. नायक फर्मिटी खातो. फर्मिटी म्हणजे आपली गव्हाची खीर, फक्त वर रम ओतलेली. त्या भरात तो बायकोला पाच गिनींना एका खलाशाला विकतो. मला वाटलं, आता आजी कानावर हात ठेवील. ती म्हणाली, "खिरीत दारू? नासली असंल की!" बायको विकली याचं तिला नवल वाटलं नाही. भैरवनाथाच्या चैत्रातल्या यात्रेत तिनं साठ-सत्तर वर्षं नवरे पाहिलेले आहेत.

'मिडलमार्च'मधल्या म्हाताऱ्याचं मृत्युपत्र मात्र तिला पटलं. आपल्यामागं बायकोनं अमक्याशी लग्न केलं तर तिला इस्टेट नाही, असं तो लिहून ठेवतो. आजी म्हणाली, "जमिनीपायी माणूस काहीबी लिहितो." खरं आहे. आमच्याच जिल्ह्यात उपळा गावी बत्तीस एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याची बातमी २०२२ साली पेपरांत आली होती. जॉर्ज एलियटला हे सुचलं नसतं.

पण खरी गंमत झाली ती 'जेन एअर'च्या वेळी. गरीब, पोरकी जेन. मोठ्या वाड्याचा मालक रॉचेस्टर. लग्नाची वेळ, आणि ऐन चर्चमध्ये कळतं की याची पहिली बायको वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. सूप थांबलं.

"तिच्या म्हायेरचं कुणी न्हाई व्हय?"

"आहे ना. भाऊच येऊन लग्न मोडतो."

"शाना हाय. हुंडा किती दिल्ता?"

"तीस हजार पौंड."

"परत दिला का?"

मी गाईड चाळलं. रॉचेस्टरचं मन, जेनचा स्वाभिमान, आगीचं प्रतीक, सगळं सोळा-सोळा मार्कांचं होतं. हुंडा परत दिला का, हा प्रश्न कुठल्याच वर्षी आलेला नव्हता.

"आन ती काय म्हणती? वरची?"

वरची काही म्हणत नाही, असं मी सांगितलं. ती नुसती हसते आणि चावते. आजीनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की जणू मीच किल्ली कमरेला लावून बसलो आहे. हाच प्रश्न जीन ऱ्हिस या बाईंना पडला आणि १९६६ साली त्यांनी त्या 'वरची'च्या बाजूनं अख्खी कादंबरी लिहिली, हे मला नंतर कळलं.

त्याच सुमारास ताईला स्थळ आलं. बागायती जमीन, दुमजली घर, मुलगा एकटा, हुंडा नको. हुंडा नको म्हटल्यावर वडील विरघळले. ताईनं "मला आधी बी.एड. करू द्या" म्हटलं, ते कुणाच्या कानात शिरलं नाही. घर बघायला चौघं निघाले, तेव्हा आजी चपला घालून आधीच एस.टी.च्या फाट्यावर उभी.

तिथं पोहे झाले, चहा झाला, विहीर बघून झाली. सगळे उठले. आजी म्हणाली, "माडी बघायची ऱ्हायली."

"तिथं काय, अडगळ आहे," मुलाचे चुलते म्हणाले.

"मी बी अडगळच हाय. बघू द्या."

ती गुडघे धरत जिना चढली. मागं मी. खोलीत बायको नव्हती. पोत्याखाली झाकलेली भांडी होती : कळशी, पातेली, डबे, कोरी करकरीत. आजीनं एक पातेलं माझ्या हातात दिलं. "वाच."

इंग्रज कादंबरीकाराला असं रहस्य फोडायला वकील लागतो, नाही तर जळकं पत्र. आपल्याकडं भांड्यावर मशिनीनं नाव घातलेलं असतं. मी वाचलं. एका मुलीचं नाव, लग्नाप्रीत्यर्थ मामाकडून सप्रेम भेट, गाव आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख.

खाली बरीच सारवासारव झाली. ती नांदत नव्हती, कोर्टात चालू आहे, लवकरच मोकळं होईल, वगैरे. वडील एकदम ताठ झाले. परतीच्या एस.टी.त कुणी बोलेना. खिडकीशी बसलेली ताई रडते आहे की हसते आहे, हे मला कळलं नाही. आजीनं मात्र मला कोपरानं ढोसलं.

"भांड्यावरचं गाव कोणतं रं लेकरा?"

मी सांगितलं. त्या गावात आजीच्या मावसबहिणीची सून निघाली. आजीच्या नात्यात अशी सून निघाली नाही असं गाव मराठवाड्यात नाही. तिच्या हाती निरोप गेला : तुमच्या लेकीचं सामान अमक्या माडीवर धूळ खात पडलंय, घेऊन जावा.

ताई आता बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या मुलीच्या माहेरचे लोक टेंपो घेऊन गेले आणि भांडी घेऊन आले, असा उलट निरोप महिन्याभरानं आला. एक परात तेवढी कमी भरली. आजी अजून तिच्या मागावर आहे.